मुद्रा कोणाची?

'मुद्रा' हा शब्द आपल्या भाषेत मोठा सोयीचा आहे. नाणे म्हणजे मुद्रा, राजाचा शिक्का म्हणजे मुद्रा, माणसाचा चेहरा म्हणजे मुद्रा, आणि छापखान्यात होते ते मुद्रण. संपत्ती, सत्ता, राजकारणी चेहरे आणि यंत्रविद्या या चारही गोष्टी एका शब्दाच्या छताखाली सुखाने नांदतात. आपणां वैद्यांना मात्र या शब्दाचा पाचवा अर्थ विद्यार्थिदशेतच शिकवला जातो. अवलेह सुपक्व झाला हे ओळखण्याच्या ज्या खुणा शार्ङ्गधराचार्यांनी सांगितल्या, त्यांत तार येणे, पाण्यात बुडणे, स्थिर राहणे यांच्याबरोबर 'मुद्रा' ही एक खूण आहे. लेह बोटांनी दाबला असता बोटाच्या रेषा त्यावर उमटल्या पाहिजेत. उमटल्या तर पाक झाला. न उमटल्या तर चुलीखाली आणखी लाकूड सारावे.

पहिल्या चार मुद्रांच्या मागे धावताना ही पाचवी मुद्रा आमच्या हातून कशी निसटली, याची हकिगत सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे. हकिगत आमची असली तरी वाचता वाचता ती आपलीही वाटली, तर दोष आमच्या लेखणीला देऊ नये.

अंगणातील शाळा

आमचे वडील कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी वैद्यकी करीत. औषधे घरीच बनत. पुढे शेजारपाजारच्या वैद्यांनाही ती लागू लागली, तेव्हा त्यांनी रीतसर परवाना काढला. औषध निर्माणशाळा असे मोठे नाव कागदावर असले तरी प्रत्यक्षात ते आमच्या घराचे मागील अंगण होते. पौष महिन्यात त्या अंगणात च्यवनप्राशाचा घाट घातला जाई. आवळे पोटलीत बांधून काढ्यात शिजत, घरातील बायका बिया काढीत, गर कापडावर घासून रेषा मागे ठेवल्या जात. मग तुपातेलावर तो गर परतण्याचे काम वडील दुसऱ्या कोणाला देत नसत. पाक पूर्ण होण्याच्या वेळी ते आम्हां भावंडांना हाका मारीत, पळीभर लेह थाळीत काढून थोडा निवू देत, आणि म्हणत, "दाबा." आमच्या लहान बोटांच्या रेषा उमटल्या की पाणी शिंपडून चूल विझवली जाई. त्या काळी आम्हांला वाटे की औषध आमच्या बोटामुळेच होते.

वडील यंत्राचे शत्रू होते असा समज कोणी करून घेऊ नये. जुन्या वैद्यांविषयी लिहिताना त्यांना यंत्रविरोधी ऋषी करून टाकण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रत्यक्षात गावात वीज स्थिरावल्यावर चूर्णे दळण्यासाठी यंत्र घेणारे ते तालुक्यातील पहिले वैद्य होते. खल घासून ज्याचे खांदे दुखतात त्यालाच यंत्राची खरी किंमत कळते. खलाची थोरवी गाणारे बहुधा व्यासपीठावर बसलेले असतात. भस्माच्या बाबतीत मात्र ते हटवादी होते. भस्म बोटाच्या रेषांत भरले पाहिजे, पाण्यावर तरंगले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. "यंत्राने दळावे, पण पाहावे आपण," एवढेच त्यांचे यंत्रविषयक धोरण होते. आज मागे वळून पाहता शासनाच्या कोणत्याही धोरणापेक्षा ते स्पष्ट होते असे वाटते.

बाराशे चौरस फूट

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय औषधे १९६४ च्या दुरुस्तीने आली, हे आपण सर्व जाणतो. २००० साली त्याच्या नियमावलीत 'शेड्यूल टी' आले आणि उत्तम निर्माणपद्धती, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातील जी.एम.पी., सक्तीची झाली. किमान बाराशे चौरस फूट बांधीव जागा, प्रत्येक कामाला वेगळा कक्ष, कच्च्या मालाची वेगळी कोठी, नोंदवह्या, तपासणी. यातील एकही मागणी अवाजवी नव्हती. औषध बनते तेथे मांजराने फिरू नये हे सांगण्यासाठी सरकारला राजपत्र छापावे लागले, ही शरमेची गोष्ट आपली होती, सरकारची नव्हे.

त्यापुढील वर्षांत बाहेरच्या जगानेही आपल्याकडे भिंगातून पाहण्यास सुरुवात केली. २००४ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी चौदांत शिसे, पारा वा सोमल आढळला. आपल्यातील अनेकांनी त्यात परकीयांचा कट पाहिला. आम्हीही पाहिला. कट पाहणे हे नोंदवही पाहण्यापेक्षा नेहमीच कमी कष्टाचे असते. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या मालाला जड धातूंची तपासणी सक्तीची झाली, तेव्हा कोठे कटाची भाषा थोडी थंडावली.

परंतु आम्ही अंगणाबद्दल बोलत होतो. आमचे अंगण सातशे चौरस फुटांचे होते. वडील तोवर निवर्तले होते. बाराशे फुटांची शेड उभी करण्याइतके भांडवल आमच्यापाशी नव्हते, आणि कर्ज काढण्याइतके धैर्यही नव्हते. २००२ साली आम्ही परवाना सोडला. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही सभासंमेलनांतून सांगत असू की शासनाने छोट्या वैद्याच्या हातातील खल काढून घेतला. टाळ्या पडत. खरी गोष्ट अशी की स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्याला कायद्याने तेव्हाही मोकळीक होती आणि आजही आहे. विक्रीचा परवाना गेला होता. चूल कोणी विझवली नव्हती. ती आम्हीच विझवली, कारण तयार बाटली टेबलावर ठेवणे सोपे होते आणि त्यावर सवलतही मिळत होती.

पाकीट

चरकाचार्यांनी माणसाच्या तीन एषणा सांगितल्या: प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. धनाला त्यांनी दुसरा क्रमांक दिला, याचे आम्हांला विद्यार्थिदशेत नवल वाटे. संसार मांडल्यावर वाटेनासे झाले. साधनांवाचून दीर्घ आयुष्य लाभणे हे मोठे दुर्दैव, हा त्यांचा विचार कोणत्याही गृहस्थाला शिकवावा लागत नाही. तेव्हा धनाविषयी वैद्याने नाके मुरडावीत असे आमचे मत नाही. वैद्याला पैसे लागतात. प्रश्न इतकाच की तो कशाचे घेतो.

२००४ साली शेजारच्या जिल्ह्यातील एका औषध निर्मात्याचा निरोप आला. त्यांच्यापाशी बाराशेहून बरीच अधिक जागा होती, वाफेवर चालणाऱ्या दुपदरी कढया होत्या, बाटल्या भरण्याचे यंत्र होते. नव्हता तो वैद्य. नियमावलीतील १५७ व्या नियमाप्रमाणे निर्मिती पात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी लागते, आणि तो तज्ज्ञ पूर्ण वेळ नोकरीस असावा लागतो. गृहस्थ अत्यंत नम्र होते. म्हणाले, "वैद्यराज, आपण रोज येण्याची तसदी घेऊ नये. महिन्यातून एकदा गाडी पाठवीन. नोंदवह्यांवर सह्या कराव्यात, मुलांना चार गोष्टी सांगाव्यात." दरमहा तीन हजार रुपयांचे पाकीट ठरले. आमची पदवी भिंतीवर टांगून पंचवीस वर्षे होऊन गेली होती. तिने एवढी कमाई त्यापूर्वी बसल्या जागी कधीच केली नव्हती.

शहरात घर भाड्याने देताना आपण भाडेकरूची चौकशी करतो, करार करतो, अनामत घेतो. पदवी भाड्याने देताना आम्ही यातले काहीच केले नाही. 'पूर्ण वेळ' हे दोन शब्द नियमात होते, आणि आमचा पूर्ण वेळ आमच्या दवाखान्यात जात होता. पण सगळेच असे करतात, हे वाक्य आमच्या मदतीस धावून आले. आपल्या व्यवसायातील सर्वांत जास्त खपणारे औषध हेच वाक्य असावे. त्याला परवाना लागत नाही आणि कालबाह्यतेची तारीखही नसते.

व्यासपीठामागील सही

चरकाचार्यांनी सांगितलेल्या एषणांत सत्तैषणा नाही. बहुधा त्या काळी वैद्यांच्या संघटना नसाव्यात. २००५ साली आम्ही जिल्हा शाखेचे सचिव झालो, आणि चौथ्या एषणेचा शोध आम्हांला लागला. पदाबरोबर एक गोल रबरी शिक्का मिळाला. तो बनविण्यास साठ रुपये लागले होते, शाईची डबी वेगळी. साठ रुपयांच्या सत्तेनेही माणसाची चाल बदलते, हे आमच्या पत्नीने आम्हांला त्याच आठवड्यात सांगितले.

सचिव या नात्याने आम्ही निवेदने दिली. किती दिली याची गणती नाही. निवेदनाचा मसुदा मागील सचिवांकडून वारशाने येत असे. वर तारीख आणि मंत्रिमहोदयांचे नाव तेवढे बदलावे लागे. त्यातील मागण्यांचा क्रम पाहिला तर आपल्या राजकारणाची नाडी हाती येते. पहिल्या पानावर आधुनिक औषधे वापरण्याच्या अधिकाराचा प्रश्न असे. १९९२ चा राज्य शासनाचा आदेश, १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा मुख्तियारचंद निकाल, ही प्रकरणे आम्हांला चरकाच्या अध्यायांहून अधिक पाठ होती. आयुर्वेदीय औषधांच्या गुणवत्तेविषयीची मागणी शेवटच्या पानावर, 'इतर' या मथळ्याखाली असे. आमच्या औषधांची आम्हांलाच एवढी काळजी, तर मंत्र्यांनी ती किती वाहावी?

केंद्राच्या दारीही त्या वर्षांत मोठी घडामोड होती. १९९५ साली भारतीय चिकित्सापद्धतींचा स्वतंत्र विभाग झाला होता, २००३ साली त्याला 'आयुष' हे नाव मिळाले होते. पुढे २०१४ साली त्याचे मंत्रालय झाले. पाटी मोठी झाली याचा आनंद आम्हांलाही झाला. मात्र पाटी मोठी होण्याने पाक सुधारतो असा पुरावा ग्रंथांत सापडत नाही.

२००७ च्या जानेवारीत आमच्या शाखेने तीन दिवसांचे अधिवेशन भरविले. उद्घाटनास मंत्री दोन तास उशिरा आले, बारा मिनिटे बोलले आणि निघून गेले. त्या बारा मिनिटांत 'शुद्धता' हा शब्द अनेक वेळा आला, आणि प्रत्येक वेळी आम्ही मान डोलावली. त्याच सुमारास आमच्या निर्मात्याच्या कारखान्यात च्यवनप्राशाचा हंगाम चालू होता. आम्हांला जाणे शक्य नव्हते. गृहस्थांनी अडचण ओळखली आणि नोंदवह्याच गाडीतून अधिवेशनस्थळी पाठविल्या. व्यासपीठाच्या मागे, हारतुऱ्यांच्या टोपल्यांशेजारी उभे राहून, आम्ही एकामागून एक पानांवर सह्या केल्या. प्रत्येक पानावर छापील रकाना होता, 'पाकपरीक्षा', आणि त्यासमोर कोणीतरी सुवाच्य अक्षरात 'योग्य' असे लिहून ठेवले होते. पुढच्या सत्राची घोषणा झाली, आणि आम्ही 'औषधनिर्मितीत वैद्याचे स्थान' या परिसंवादाचे अध्यक्षपद भूषविण्यास गेलो.

हा विनोद आम्ही रचलेला नाही. आमच्या संग्रही त्या अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका आहे.

आंबूस वास

त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस दवाखान्यात एक बाई आल्या. जवळच्या वाडीवरच्या. यजमान दीर्घ आजारातून उठले होते, अंगात ताकद येईना, म्हणून त्यांनी पैसे साठवून तालुक्याच्या दुकानातून च्यवनप्राशाची बरणी घेतली होती. बरणी टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, ह्येचा वास आंबूस येतोया. दुकानदार म्हंतोय असाच असतो. तुमी बघा."

झाकण उघडताच फसफसल्याचा आवाज आला. वर बुडबुडे होते. आम्ही सवयीने चमचाभर लेह बशीत काढला आणि बोट दाबले. खळगा पडला, आणि पाण्यात पडावा तसा लगेच भरून आला. रेषा उमटली नाही. पाक कच्चा राहिला होता. ओलावा शिल्लक होता, आणि उन्हाळा लागताच लेह आंबू लागला होता. मग आम्ही बरणी फिरवून बॅच क्रमांक वाचला. जानेवारीचा होता. निर्मात्याचे नाव आमच्या गृहस्थांचे होते.

बाई म्हणाल्या, "बापूंच्या वक्ताला आमी घरनं बरणी घिऊन यायचो. वर्ससर टिकायचा."

आम्ही त्यांना बरणीचे पैसे खिशातून दिले. आणि सांगितले, "दुकानात उन्हात राहिली असेल."

वाचकहो, आमच्या चाळीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात आम्ही चुकीची निदाने केली आहेत, चुकीच्या मात्रा दिल्या आहेत, आणि त्या कबूलही केल्या आहेत. परंतु ते एक वाक्य आम्हांला अजून उतरत नाही. दुकानदाराचा दोष नव्हता. कढईवरील कामगाराचाही नव्हता. त्याला पाक कधी उतरवावा हे कोणी शिकवलेच नव्हते. ते शिकविण्यासाठी ज्याला नेमले होते, तो त्या वेळी परिसंवादाच्या अध्यक्षीय खुर्चीवर बसून वैद्याचे स्थान सांगत होता.

हे समजल्यावर आम्ही तत्काळ राजीनामा दिला, असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात आम्ही आणखी दोन पाकिटे घेतली. तिसऱ्या महिन्यात सोडले. गृहस्थांनी तितक्याच नम्रतेने निरोप दिला, आणि आठ दिवसांत त्यांना दुसरी पदवी मिळाली. आमच्यावाचून काही अडले नाही. ज्याच्या असण्याने काही होत नव्हते, त्याच्या नसण्याने काय अडणार?

यंत्राचा दोष नाही

आता काळ पालटला आहे, असे तरुण मित्र सांगतात. खरेच पालटला आहे. पाकातील घन भाग किती आणि ओलावा किती हे सांगणारी उपकरणे मध्यम आकाराच्या फार्मसीतही दिसतात. पुटासाठी खड्डा आणि गोवऱ्यांऐवजी तापमान नोंदविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. त्यांविषयी आम्हांला आकस नाही. कंटाळलेल्या वैद्याच्या बोटापेक्षा नीट वापरलेले उपकरण शतपटीने बरे. आमच्या त्या फसलेल्या बॅचला एखाद्या साध्या मापकानेही पकडले असते, फक्त ते वापरून त्यावरचा आकडा पाहणारा कोणी असता तर.

आमची चिंता निराळी आहे. प्रत्येक नव्या सोयीने औषधापर्यंत न जाता औषधावर सही करणे अधिक सोपे केले आहे. आमच्या वेळी निदान नोंदवह्या गाडीत घालून आणाव्या लागत. आता डिजिटल सहीची कळ असते, बोटाएवढी. ती ज्याची आहे त्याच्या खिशात असावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ती मालकाच्या वा हिशेबनिसाच्या खणात असते, असे एका तरुण वैद्याने आम्हांला सहज, हसत हसत सांगितले. त्याला स्वतःला सही केल्याचा पत्ताही नसतो. २०२१ च्या नियमबदलाने परवान्याची प्रक्रिया ऑनलाइन झाली, एकदा शुल्क भरून परवाना कायमचा मिळू लागला, आणि दरवर्षी नियमपालनाची स्वयंघोषणा करावी अशी व्यवस्था आली. खेटे वाचले, हे उत्तमच. परंतु स्वयंघोषणेत 'स्वयं' कोण, हे संगणक विचारीत नाही.

महाविद्यालयांचीही तीच कथा. कागदावरचे अध्यापक हा आपल्या क्षेत्रातील जुना विकार. १९७० च्या कायद्याने आलेली केंद्रीय परिषद जाऊन २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग आला, आणि हजेरी आधारशी जोडली गेली. म्हणजे अध्यापकाची मुद्रा अक्षरशः यंत्रापुढे धरावी लागते. अध्यापक वर्गात आहे की नाही हे यंत्र सांगू लागेल. तो शिकवतो की नाही हे मात्र विद्यार्थ्यालाच ठाऊक.

नियमांचे म्हणाल तर ते येतात आणि जातात. जाहिरातीपूर्वी परवानगी सक्तीची करणारा १७० वा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये मंत्रालयाने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघून स्थगितीही संपली. त्या सात वर्षांत आपल्या बैठकांतून या एका नियमावर जेवढा काथ्याकूट झाला, त्याच्या दशांशानेही बॅच-नोंदवहीवर झाला नाही. करांचेही तसेच. २०१७ पासून ग्रंथोक्त नावाने विकलेल्या औषधाला पाच टक्के आणि स्वतःच्या ब्रँडनावाने विकलेल्याला बारा टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही पाचावर आले. पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. शासनाची मुद्रा बाटलीच्या बाहेर असते. ती उठवणारे बदलत राहतील. बाटलीच्या आत जे आहे त्याची जबाबदारी कोणत्याही अधिसूचनेने आपल्यावरून काढून घेतलेली नाही.

काय करावे

उपदेश करण्याचा अधिकार आम्ही व्यासपीठामागे गमावला आहे, याची जाणीव आहे. म्हणून उपदेश करीत नाही; चार सूचना तेवढ्या मांडतो.

पहिली, तरुण वैद्यमित्रांना. पदवी भाड्याने देऊ नका. दवाखाना चालेना, हप्ते थकले, हे आम्ही जाणतो. परंतु फार्मसीत खरोखर नोकरी करा, पूर्ण वेळ करा आणि पूर्ण पगार मागा. तेथे आठ तास उभे राहिलात तर द्रव्यगुण आणि भैषज्यकल्पना पुन्हा एकदा शिकाल, आणि या वेळी ती लक्षात राहील. ज्या दिवशी पाकाच्या वेळी हजर नव्हता, त्या दिवशीच्या पानावर 'उपस्थित नव्हतो' असे दोन शब्द लिहा. दोनच शब्द आहेत, पण ते लिहिण्याचे बळ आमच्यात नव्हते.

दुसरी, फार्मसीचालकांना. आपण सारे त्या गृहस्थांसारखे नाही, हे आम्ही जाणतो; किंबहुना आपल्यापैकी अनेकजण आजही स्वतः कढईपाशी उभे राहतात. तरी प्रत्येकाने एक करावे. एखाद्या वैद्याने पत्र लिहून अमुक बॅचचा पाक कोणी पाहिला असे विचारले, तर नाव सांगता आले पाहिजे, आणि त्या नावाच्या माणसाला तो दिवस आठवला पाहिजे. जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत एका उपस्थित वैद्याचा पगार ही किरकोळ बाब आहे. आंबलेली एक बरणी दहा जाहिरातींचे काम उलटे करून टाकते.

तिसरी, आमच्या वयाच्या वैद्यांना. वर्षातून एक तरी कल्प स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतःच्या हाताने करावा, आणि त्या वेळी दोन-चार विद्यार्थी बोलवावेत. कायदा आड येत नाही. गुडघे येतात, पण त्यावर आपल्यापाशी तेले आहेत.

चौथी, आपल्या संघटनेला. जो सभासद केवळ कागदावर तज्ज्ञ म्हणून काम करतो, त्याला कोणत्याही शाखेचे पदाधिकारी होता येऊ नये, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे यावा. विरोध होईल. आम्ही त्या काळी सचिव असतो तर आम्हीच सर्वांत मोठ्याने केला असता, आणि गोल शिक्काही मारला असता.

गेली काही वर्षे पौषात आमच्या त्याच अंगणात थोडा च्यवनप्राश होतो, आमच्या रुग्णांपुरता. दोन-तीन विद्यार्थी येतात. चुलीऐवजी गॅसची शेगडी आहे, आणि ओलावा पाहण्याचे एक लहानसे उपकरण नातवाने आणून दिले आहे. उपकरण पाहतो, आकडा वहीत लिहितो, आणि मग विद्यार्थ्यांना सांगतो, "दाबा." पहिल्या वर्षी रेषा उमटली नाही. पाक फसला होता, सारा टाकून द्यावा लागला. पण तो फसलेला आम्हांला त्याच संध्याकाळी कळला. एप्रिलची वाट पाहावी लागली नाही.

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. वाडीवर निरोप धाडून खरे काय ते सांगावे असे फार मनात होते. धाडला तेव्हा उशीर झाला होता. कुटुंब मुलाकडे पुण्यास गेले होते. जे त्यांना सांगायचे होते, ते आज आपल्यापुढे सांगितले आहे.

हा लेख संपादकांकडे पाठविताना रिवाजाप्रमाणे शेवटी सही केली आहे. या खेपेस वरचा मजकूर आधी वाचला, आणि मग केली.